न पाहिलेल्या बंदराचा निळा

४ मार्च

माझ्या हातांनी केलेल्या आणि आज घरात असलेल्या वस्तू:

कामाचं टेबल. भट्टी, जुन्या लोखंडी पेटीत आतून विटा बसवून केलेली. बाजारातल्या भट्टीपेक्षा लवकर तापते. चांदीची तार ओढून बारीक करायची जंत्री. उंची कमीजास्त होणारं स्टूल. मीना, म्हणजे काच कुटून केलेला रंग, भरायचे चार ब्रश, त्यातला सर्वांत बारीक हिच्या केसांचा. पावाचा डबा, ज्याचं झाकण डाव्या हातानं दाबून उजव्यानं सरकवलं की बिनचूक लागतं. हिला ते अजून साधलेलं नाही. हिच्या कानातल्यांचे तीन जोड, वजनाला इतके सारखे की तराजूत टाकले तर काटा हलत नाही. ही ते घालत नाही, कान दुखतात म्हणते. कान दुखायला काही कारण नाही. हिची अंगठी, माझं पहिलं चांदीचं काम. आणि तांब्याच्या सहा चकत्या, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढी. प्रत्येकीवर मीन्यानं एकेक गाव काढलेलं. सातवी झाली की साखळीत ओवून हिच्या हातात घालायची.

यातलं काहीही मी कोणाकडून शिकलेलो नाही. जे येतं ते हात भाजून आलेलं आहे.

ही काल बहिणीकडे गेली. मेहुणीचा गुडघा दुखतो. आम्ही घरात नवराबायको दोघंच, त्यातलं एक गेलं की अर्धं घर रिकामं. कामाची नोंद ठेवायला एवढी शांतता पुन्हा मिळायची नाही, म्हणून ही वही. एरवी मला लिहायची हौस नाही.

जाताना हिनं अंगठी काढून माझ्या दुरुस्तीच्या वाटीत ठेवली. गिऱ्हाइकांच्या वस्तू असतात त्या वाटीत. सोबत चिठ्ठी नाही. काय बिघडलंय ते चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय मी कोणाचीच वस्तू घेत नाही, हे हिला पक्कं ठाऊक आहे. पण घरच्या माणसाला किती ताणायचं.

५ मार्च

अंगठी भिंगाखाली घेतली. चीर नाही. झीजही बेताची. मग दुरुस्तीला का ठेवली असेल?

उलटीपालटी करून बघितल्यावर समजलं. जोड. चांदीची पट्टी वळवून दोन टोकं जिथे जुळवली, तिथे त्या वेळी माझा सांधायचा डाख जास्त पडला होता. वाटाण्याच्या शेंगेला असते तशी एक शीर तिथे उभी राहिलेली आहे. हातावर हात ठेवला तर मलाही लागायची. लग्नाच्या वेळी मला याहून बरं काम येत नव्हतं.

इतकी वर्षं ही काही बोलली नाही. बायकांचं असं असतं. बोलत नाहीत, आणि मग एक दिवस काढून वाटीत ठेवतात.

७ मार्च

खालचा लाँड्रीवाला जिन्यात भेटला. हा माणूस इस्त्री करतो तेव्हा तोंडही तापलेलं ठेवतो.

“काय कलाकार, वहिनी पोचल्या का?”

“पोचली असेल.”

“असेल म्हणजे? फोन नाही?”

“केला होता. उचलला नाही. फोन पिशवीत तळाशी ठेवायची सवय आहे तिला.”

“बॅगा मात्र जड होत्या हो. मीच टॅक्सीत चढवल्या. गुडघ्याला शेक द्यायला वहिनी विटा घेऊन गेल्या की काय?”

मी म्हटलं, तिला थंडी बाधते. तो म्हणाला, “हो, हिवाळी कोटही इस्त्री करून नेला. या उकाड्यात.” आणि माझ्याकडे बघत राहिला. लोकांच्या कपड्यांवरून त्यांच्या घरात डोकवायची खोड या धंद्यातल्या माणसांना लागतेच.

तरी एक उपकार मानायला हवा. बंदराच्या चकतीवरचं पाणी मला याच्याच दारात सापडलं. पांढऱ्या कपड्यांना नीळ देऊन झाली की तो टब बाहेर ओततो. ती धार उन्हातून जाताना मधे गडद आणि कडांना जवळजवळ हिरवी दिसते. हिनंच खिडकीतून दाखवली होती. “अहो, ते बघा, समुद्र चाललाय गटारात.” मी बशी घेऊन खाली धावलो. सात वेळा काच कुटली, सात वेळा भाजली, तेव्हा तो निळा आला. डोंगराच्या चकतीवरचा तांबूस रंग आमच्या छपराच्या पन्हाळाच्या गंजाचा. वाळवंट म्हणजे करपलेल्या पावाची कड. लोक प्रेरणा शोधायला कुठे कुठे जातात. मला चार खिडक्या पुरतात.

८ मार्च

आज जेवण झाल्यावर सवयीनं विचारलं, “यंदा कुठे?” आणि मग आठवलं की ही नाही.

हा आमचा रोजचा खेळ. ही जुन्या कॅलेंडरांतलं एखादं चित्र पुढे ठेवते आणि मी प्रवास आखतो. गाडी कुठली, बदलायची कुठे, डबा इंजिनापासून कितवा, उतरल्यावर ऊन पाठीवर येईल की डोळ्यांवर. एकदा बर्फाच्या खिंडीपर्यंतचा रस्ता मी असा सांगितला होता की हिनं शाल ओढून घेतली. सहलीतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे ती आखणं. सामान हरवत नाही, पोट बिघडत नाही.

मागच्या महिन्यात हिनं थोडा गोंधळ केला. विचारलं नाही, सवरलं नाही, आणि बंदराची दोन तिकिटं घेऊन आली. स्वतःच्या शिलकीतून. मी बघितलं तर दोन्ही जागा डावीकडच्या. समुद्र शेवटचे दोन तास उजवीकडून दिसतो. शिवाय त्या आठवड्यात भरदिवसा ओहोटी, म्हणजे बंदरात चिखल. चिखल बघायला एवढं लांब जायचं? दुसऱ्याच दिवशी रांगेत उभं राहून तिकिटं परत केली, आणि तिथल्या कारकुनाला एक नाणंही कापू दिलं नाही. घरी येऊन सांगितलं. ही “बरं” म्हणाली. मग भांडी घासत राहिली, घासून झालेली.

पुढच्या हिवाळ्यात भरती सकाळी आहे. तेव्हा जाऊ, असं मी तेव्हाच सांगून ठेवलंय.

१० मार्च

अंगठी पूर्ण. जोड कापला, कानशीनं दोन्ही तोंडं सपाट केली, केसभर डाख दिला. आता जोड कुठे आहे ते भिंगातूनही कळत नाही. माझं मलाच सापडत नाही. एक माप मोठी केली, कारण हिची बोटं संध्याकाळी सुजतात. आतून-बाहेरून आरसा.

ही बघेल तेव्हा काय म्हणेल ते मला माहीत आहे. काही म्हणणार नाही. बोटात घालेल आणि कामाला लागेल. तिचं कौतुक असंच असतं.

१३ मार्च

चित्रदालनात जाऊन आलो. बुधवारी तिकीट नसतं. इतर लोक चाळीस चित्रं बघतात. मी एकच बघतो, समुद्राचं. रखवालदार आता मला ओळखतो आणि खुर्ची सरकवून देतो. चित्रातली होडी मला पटत नाही, दोरी चुकीच्या बाजूनं ताणलेली आहे. पण पाणी चांगलं आहे.

बाहेर पडताना दाराजवळच्या काचेच्या कपाटापुढे थांबलो. तिथे हस्तकलेच्या वस्तू विकायला ठेवतात. मधला कप्पा डोळ्यांच्या उंचीवर आहे. प्रत्येक वस्तूखाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव. सगळी शिकलेल्यांची नावं. एका ब्रोचचा फासा सैल होता. कोणाला सांगितलं नाही.

सहसा ही बरोबर असते आणि “चला आता, काचेवर तुमचा श्वास दिसतोय” म्हणते. आज मी बराच वेळ उभा होतो.

१४ मार्च

एक शिक्षिका चांदीचं पदक घेऊन आली. वरची कडी तुटलेली. चिठ्ठीवर तसं लिहून घेतलं. पदक जुनं, जाड पत्र्याचं, कडेला चार बारीक खड्डे. वापरणाऱ्यानं हेळसांड केलेली दिसते.

कडी लावणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण खड्डे डोळ्यांना खुपत होते. मागून लाकडी ठोकणीनं हळूहळू उठवले, घोटले, पॉलिश केलं. दुपार गेली. असं फुकटचं काम करणारा दुसरा कारागीर या शहरात दाखवा.

१६ मार्च

शिक्षिका पदक न्यायला आली. मी मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पुढे केलं.

“हे माझं नाही,” ती म्हणाली.

“तुमचंच. कडी नवी, पदक तेच.”

तिनं ते उचललं आणि कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. उलटं करून फिरवलं.

“इथे खड्डे होते.”

“काढले. त्याचे काही घेणार नाही.”

“माझ्या मुलाचे दात होते ते,” ती म्हणाली. “पहिले. मांडीवर घेतलं की गळ्यातलं ओढायचा आणि चावायचा.”

मी विचारलं, मुलगा आता कुठे असतो. म्हणाली, “असतो. लांब असतो. दाराला डोकं आपटेल एवढा झालाय. फोनवर ‘हं, हं’ करतो.”

मी म्हटलं, खड्डे नेमके कुठे होते ते तुम्ही दाखवलंत तर मी पुन्हा पाडून देतो, तेवढ्याच खोलीचे, फरक कळणार नाही.

तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. चिडलेली नव्हती. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघतात तसं बघितलं.

“चावणार कोण? तुम्ही?”

कडीचे पैसे मोजून ठेवले आणि गेली. मखमलीचा तुकडा तिच्या पाठोपाठ दारापर्यंत घेऊन गेलो, मग कशासाठी नेला ते आठवेना.

मी चूक केलेली नाही. पत्रा उठवणं, घोटणं, झळाळी, कशातच खोट काढता येणार नाही. चिठ्ठीवर मात्र फक्त कडी लिहिली होती, हे खरं.

बटाटे उकडायला ठेवले होते, ते भांड्याला लागले. मग हिची अंगठी वाटीतून काढून बघितली. छान झालीय. फार छान झालीय. परत वाटीत ठेवली.

१७ मार्च

मेहुणीला फोन केला.

“भाऊजी? बोला.”

“गुडघा कसा आहे?”

“कोणाचा?”

“तुझा.”

“माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?”

मी म्हटलं, हिला फोन दे. मेहुणी म्हणाली, “ताई चार-पाच दिवस होती. मग गेली.”

“इकडे तर आली नाही.”

“तिकडे येते असं ती म्हणाली नव्हती. बंदराला गेली. एकटी.”

“एकटी कशी जाईल? गाडी कुठे बदलायची ते तिला ठाऊक नाही.”

“विचारलं असेल कोणाला तरी. लोक विचारतात, भाऊजी.”

जे तयार होतं ते बोललो. “अंगठी झालीय म्हणावं.”

“झालीय म्हणजे?”

“दुरुस्तीला ठेवून गेली होती ना.”

मेहुणी अगदी मऊ आवाजात म्हणाली, “भाऊजी, ती दुरुस्तीला नव्हती ठेवली.”

“मग कशाला?”

“आता हेही मीच सांगायचं का?”

१८ मार्च

काम केलं नाही.

२० मार्च

लाँड्रीवाल्यानं माझे शर्ट वर आणून दिले. कधी देत नाही, आपणच आणावे लागतात. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, “कलाकार, आज तीन दिवस ठकठक नाही. आजारी-बिजारी?”

“नाही.”

“मग ठोका काहीतरी. तुमची ठकठक नसली की माझ्या हातून बाह्या जळतात.”

बसला. मी चहा केला. पावाच्या डब्याचं झाकण त्याला उघडता येईना. दोनदा ओढलं आणि डबा तसाच ठेवून दिला. “वहिनी रोज उघडतात हे?” म्हणाला. मी म्हटलं, रोज. “मग त्या थोर आहेत,” म्हणाला.

तो गेल्यावर मी स्वतः दहा-बारा वेळा झाकण लावलं, काढलं. दोन्ही हात लागतात. एका हातात काही असेल तर होत नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाव नेहमी हीच काढून देते.

२१ मार्च

हिचा फोन आला. दुपारी, मी काच कुटत होतो तेव्हा. जेवढं आठवतं तेवढं जसंच्या तसं लिहितो.

“जेवताय ना वेळेवर?”

“जेवतो. तू कुठे आहेस?”

“तुम्हाला कळलंय. बहिणीनं सांगितलं मला.”

मागे वारा येत होता आणि कसलीतरी घंटा, मधूनच. मी विचारलं, भरती आहे की ओहोटी. ही हसली, किंवा वारा असेल. “ओहोटी. चिखलच चिखल. पांढरे पक्षी चालतात त्यात, चपला अडकल्यासारखे. मी रोज बघायला येते.”

“आणि पाणी?”

“पाण्याचं काय?”

“निळं कसलं आहे? मधे गडद असेल बघ, कडांना हिरवट.”

“निळं नाहीच आहे हो.”

“नाही म्हणजे?”

“चहाचं फडकं पिळल्यावर येतं ना, तसलं आहे. सकाळी तसं. दुपारी शिशासारखं. संध्याकाळी काय म्हणायचं त्याला ते मला येत नाही सांगता. तुम्हाला आलं असतं.”

मी म्हटलं, चित्रात निळं आहे. ही म्हणाली, “हो, चित्रात आहे.”

मग मी अंगठीचं काढलं. म्हटलं, ती दुरुस्तीला नव्हती हे मला समजलंय, पण समजलं तोवर काम झालं होतं.

“काय केलंत?”

“एक माप वाढवलं. आणि जोड काढला. आता शोधूनही सापडणार नाही.”

घंटा दोनदा वाजली.

“तो अंगठ्याला लागायचा,” ही म्हणाली. “तुम्ही गाड्यांचं सांगत बसायचात तेव्हा मी त्याच्यावरून अंगठा फिरवायचे. तेवढंच खरं वाटायचं.”

मी विचारलं, परत कधी. म्हणाली, माहीत नाही. महिना संपेपर्यंत इथेच खोली घेतली आहे, बंदराच्या मागच्या गल्लीत, खाली जाळी विणणाऱ्यांचं दुकान आहे. मग पुढे.

“पुढे कुठे?”

“ठरवलं नाही.”

ठरवलं नाही आणि खोली सोडणार. मला हे समजतच नाही. मी म्हटलं, निदान गाड्या मी बघून ठेवतो. ही म्हणाली, “नको.” रागानं नव्हे. मग म्हणाली, “वारा फार आहे, ठेवते,” आणि ठेवला. ये म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही. मी दोन्ही आठवून बघतोय.

२२ मार्च

चहाचं फडकं पिळून बशीत बघितलं. उन्हात धरलं, सावलीत धरलं. चार काचा मिसळून भाजल्या. पहिली विटेसारखी आली, दुसरी आजारी माणसाच्या जिभेसारखी. तिसरी बरी, पण तिला खोली नाही. चौथी फुटली. जे बघितलं नाही त्याचा रंग भट्टीतून काढता येत नाही. आजवर येत होता, असं मला वाटत होतं.

२३ मार्च

चित्रदालनात गेलो, बुधवार नसताना, तिकीट काढून. कुठल्यातरी चित्रकारानं पाणी तपकिरी केलं असेल तर बघावं म्हणून. सातवीची वाट न बघता सहा चकत्या ओवलेली साखळी खिशात होती. समुद्राच्या चित्रापुढे ती काढून बंदराची चकती शेजारी धरली. रखवालदारानं मला खुर्ची दिली नाही. आत जाऊन काचेच्या कपाटाचं काम बघणाऱ्या बाईंना बोलावून आणलं. त्याला वाटलं असेल मी चित्राला काही चिकटवतोय.

बाईंनी साखळी हातात घेतली. चष्मा काढला, डोळ्यांजवळ नेली.

“कोणी केलं हे?”

“मी.”

“शिकलात कुठे?”

“कुठेच नाही.”

या उत्तराची मी वर्षानुवर्षं तयारी केली होती. द्यायला मिळालं, आणि पुढे काय बोलायचं ते आठवेना.

“पण फिरला आहात खूप,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

त्यांना तो विनय वाटला. हसल्या. त्यांच्या कपाटात पहिल्या तारखेपासून नवी मांडणी आहे, दूरच्या गावांची. मधला कप्पा अजून रिकामा आहे. या सहा आणि आणखी सहा, अशा बारा चकत्या त्यांना हव्यात. खाली माझं नाव. नंतर विकत घ्यायला गिऱ्हाईकही ठरलेलं आहे. अट एकच: तीस तारखेला सगळं त्यांच्या हातात पडलं पाहिजे. त्यांनी रक्कम कागदावर लिहून माझ्याकडे सरकवली. कागद मी दोनदा वाचला, शून्यं मोजत.

सहा चकत्या आठवड्यात होतात. रोज पहाटेपासून बसलं, दुसरं काही केलं नाही, तर होतात.

मी म्हटलं, “बंदराचं पाणी चुकलंय.”

“कसं?”

“ते निळं नाही.”

बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “अहो, इथे कोणाला कळणार? ज्यांना माहीत आहे ते तिकडे बंदरावर असतील.”

उद्या सकाळपर्यंत उत्तर मागितलंय.

२३ मार्च, संध्याकाळी

हो म्हणायला हवं. नाही म्हणायला एकही कारण नाही. पितळी पट्टीवरचं नाव लाँड्रीवाल्याला नेऊन दाखवीन. शिक्षिकाही कदाचित बघेल. ही परत आली तर तिला बुधवारी नेऊन कपाटापुढे उभी करीन, आणि श्वास दिसला तरी हलणार नाही.

परत आली तर. महिना संपला की ही त्या खोलीत नसेल. पुढे कुठे ते तिलाच ठाऊक नाही, तर मला कुठून. तीस तारखेला बाईंना चकत्या द्यायच्या, एकतीसला ही निघणार. बंदर दीड दिवसाच्या प्रवासावर.

टेबलाशी बसून बर्फाची चकती आखायला घेतली. हात चांगला चालत होता. खिंडीतला रस्ता काढला, वळणं बरोबर आली. मग त्या रस्त्यावर कोणी चालत असेल तर त्याला काय दिसेल ते काढायला गेलो, आणि कळलं की मला माहीत नाही. पन्हाळाचा गंज माहीत आहे.

२४ मार्च

सकाळी दालनात जाऊन बाईंना उत्तर दिलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, पाणी बघितल्याशिवाय ती चकती कोणाला देता येत नाही. मग त्या म्हणाल्या, बघून या, आणि पुढच्या मांडणीत ठेवू. पुढची मांडणी फुलांची आहे, हेही त्यांनी खरंखुरं सांगितलं.

लाँड्रीवाल्याकडे किल्ली दिली. “कुठली गाडी? किती वाजता? डबा कितवा?” एका दमात विचारलं त्यानं. मी म्हटलं, जी सुटेल ती. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि पंचा खांद्यावर टाकून मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत एकही विनोद केला नाही, त्यावरून मला भीती वाटली.

हे गाडीत लिहितोय. खिडकी मिळाली नाही. दोन माणसांच्या मधे बसलोय. डावीकडचा गृहस्थ माझ्या खांद्यावर झोपलाय, चांगला वजनदार आहे. वहीचा कोपरा त्याच्या कानाला लागू नये म्हणून अक्षर असं येतंय. बाहेर अंधूक काहीतरी हिरवं जातंय. समोरच्या बाईला विचारलं, गाडी कुठे बदलायची. तिनं सांगितलं. तिलाही तिथेच बदलायची आहे.

मी पाण्याचा रंग बघायला चाललोय. सकाळचा, दुपारचा आणि जमल्यास तो संध्याकाळचा, जो हिला सांगता येत नाही. ही भेटेलच असं नाही. भेटली तरी काही म्हणेल असं नाही. जाळ्यांचं दुकान विचारीन कोणाला तरी.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. बाईंनी देऊ केलं होतं ते असं: बारा चकत्यांची मागणी, डोळ्यांच्या उंचीवरचा मधला कप्पा, खाली पितळी पट्टीवर माझं नाव, आणि एक लाख ऐंशी हजार. मी नको म्हणालो.